जुन्या गाडीला नवा रेडिएटर: नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फियाट, ॲम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, विलीज जीप, कॉन्टेसा अशा गाड्यांच्या मालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मार्च लागला की ते वाढतात. उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाडी तापतेय. रेडिएटर बदलायचाच ना?

लगेच नको. आधी खर्च न होणाऱ्या गोष्टी बघा: फॅन बेल्ट सैल आहे का, फिनमध्ये (रेडिएटरच्या ट्यूबमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांत) किडे आणि चिखल बसलाय का, चाकाचा ब्रेक धरून राहतोय का, इग्निशन टायमिंग मागे गेलंय का. टायमिंग मागे गेलं की इंजिन ओढत नाही आणि तापतंही. हे दोन्ही एकत्र दिसलं तर रेडिएटरला हात लावू नका.

मग सकाळी इंजिन पूर्ण गार असताना कॅप काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. पाण्यातून एकसारखे बुडबुडे येत राहिले, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले, तर हेड गॅस्केट (सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, त्यांना घाबरू नका.

यातून काही निघालं नाही तर रेडिएटरची पाळी. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि फिनवरून हात न लावता इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. चांगल्या कोअरचं (ट्यूब आणि फिन मिळून बनलेल्या मधल्या जाळीचं) तापमान वरून खाली हळूहळू उतरत जातं. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या ट्यूब बुजल्यात. एक खबरदारी घ्या: चकचकीत पितळेवर हे यंत्र खोटं, कमी तापमान दाखवतं. टाकीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा.

२. रेडिएटरवाला म्हणतो, ‘रॉडिंग करून देतो, नव्यासारखा चालेल.’ करू का?

रॉडिंग म्हणजे वरची टाकी उसवून प्रत्येक ट्यूबमधून चपटी सळई घालून क्षार काढणं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला हे करता येतं. फिन घट्ट असतील तर फायदाही चांगला होतो.

तपासायचं असं: फिनवर बोटाने हलका दाब द्या. हिरवी-पांढरी भुकटी झडली किंवा फिन ट्यूबपासून सुटून हलू लागली, तर रॉडिंगचे पैसे वाया जाणार. ट्यूब आतून लख्ख झाली तरी तिची उष्णता फिनकडे जायला वाटच राहिलेली नसते. एकूण ट्यूबपैकी बऱ्याच आधीच डाख मारून बंद केलेल्या असतील तरीही कोअर बदलणंच बरं.

३. कोअर बदलून घेऊ, तयार नवा घेऊ, की ॲल्युमिनियमचा बनवून घेऊ?

मूळ टाक्या शाबूत असतील तर आमची पहिली पसंती कोअर बदलण्याला. टाक्या, गळा, होजचे पाइप, बाजूच्या पट्ट्या सगळं मूळचं राहतं, म्हणून बोल्टची भोकं जिथल्या तिथे जुळतात आणि बॉनेट उघडल्यावर गाडी गाडीसारखी दिसते. मुंबई-आग्रा रस्त्यालगत ट्रकचं काम करणाऱ्या जुन्या रेडिएटरवाल्यांकडे अजून हे काम होतं. काम देताना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: फिन तांब्याची आहे का, ट्यूब किती रोच्या (एकामागे एक किती रांगा), आणि हवा भरून टाकीत बुडवून तपासणी तुमच्यासमोर होणार का.

बाजारातला तयार रेडिएटर स्वस्त आणि लगेच मिळणारा. त्यात कोअर अनेकदा मूळच्यापेक्षा पातळ असतो. बाहेरून माप जुळतं म्हणून लक्षात येत नाही, आणि मे महिन्यात लक्षात येतं.

ॲल्युमिनियमबद्दल पुढचा प्रश्न पाहा.

ता. क.: नाशिकचे तांबट तांब्या-पितळेच्या कामात नावाजलेले, म्हणून कोणी भांडी बाजारात रेडिएटर घेऊन जातं. नेऊ नका. रेडिएटरचा नरम शिसं-कथलाचा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो. भांड्याच्या सांध्याला लागते तेवढी आच दिली की एक गळती बंद होईल आणि शेजारच्या दहा ट्यूब सुटतील.

४. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं. मग ॲल्युमिनियम चांगलं कसं?

धातू म्हणून तांबं पुढेच आहे. पण जुन्या कोअरमध्ये तांब्याची असते ती फिन. ट्यूब पितळेची असते आणि दोघांच्या मध्ये डाख असतो. पितळ आणि डाख दोन्ही तांब्याच्या मानाने बरेच मागे. शिवाय पितळेच्या ट्यूब अरुंद, साधारण १२ ते १६ मिमीच्या. ॲल्युमिनियमच्या ट्यूब २५ मिमी किंवा अधिक रुंद करता येतात आणि फिनशी थेट ब्रेझ केलेल्या असतात. त्यामुळे दोन रोचा ॲल्युमिनियम तीन रोच्या पितळेच्या बरोबरीने काम करतो, आणि वजनाने बराच हलका असतो.

तोटे दोन. वाटेत फुटला तर टपरीवर डाख देऊन तो चालत नाही, टिग वेल्डिंग लागतं. आणि कूलंट व अर्थिंगची हयगय त्याला सोसत नाही (प्रश्न १३). गाडी रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणारी असेल तर पितळच ठेवा. इंजिन बदललंय, एसी बसवलाय, लांब पल्ल्याला जाता, तर ॲल्युमिनियमचा विचार करा.

५. तीन रोचा आहे. चार रोचा टाकला तर प्रश्न कायमचा मिटेल?

बहुतेकदा नाही. पहिल्या रोला बाहेरची हवा मिळते, चौथ्याला आधीच्या तिघांनी तापवलेली. कोअर जाड झाला की हवा आरपार जायलाही जोर लागतो, आणि शहराच्या वेगात तो जोर नसतो. जागा असेल तर जाडीपेक्षा कोअरची रुंदी-उंची वाढवणं फायद्याचं.

फिनची दाटीही विचारा. इंचाला १४ फिन कागदावर छान दिसतात. निफाड-दिंडोरीकडच्या शेतरस्त्यांवर धूळ आणि काडीकचरा खाणाऱ्या गाडीला १० ते १२ च पुरे, कारण त्या धुता येतात. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून धरला तर फिन आडव्या होतात.

६. ऑर्डर देण्याआधी नेमकी कोणती मापं घ्यायची?

रेडिएटर काढून, टेबलावर आडवा ठेवून घ्या. गाडीत असताना घेतलेलं माप हमखास चुकतं. सगळं मिमीमध्ये लिहा. इंच आणि मिमी यांच्या घोळात ऑर्डर परत पाठवायची वेळ येते.

कोअरची उंची, रुंदी, जाडी घ्या, टाक्या धरू नका. मग टाक्यांसकट पूर्ण उंची. बोल्टच्या भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत. होजच्या पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने. ३२ आणि ३८ मिमी डोळ्यांना सारखेच वाटतात. पाइप कोणत्या बाजूला हे लिहिताना ‘ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावं-उजवं’ असं लिहा. समोरून पाहणारा कारागीर उलटं समजतो. पाइपचा कोनही टिपा. शेवटी गळ्याची खोली (प्रश्न ७) आणि ड्रेन कॉकची जागा.

आता गाडीकडे वळा. पंख्याचं पातं आणि कोअर यांत किमान २० ते २५ मिमी मोकळं हवं. रबरी माउंटिंग जुनी असतील तर जोरात ब्रेक मारल्यावर इंजिन पुढे झुकतं आणि पातं कोअरला भोकं पाडतं. अंतर मोजायला कोअरच्या जागी त्याच जाडीचा पुठ्ठा उभा करा आणि पंखा हाताने पूर्ण एक फेरी फिरवा. एखादं पातं वाकलेलं असेल तर तिथेच कळतं. बॉनेट बंद करून बघण्यासाठी गळ्यावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट लावा, उघडा, आणि गोळा किती चेपला ते मोजा.

७. कॅप किती पीएसआयची (दर चौरस इंचाला किती पौंड दाबाची) लावायची? दुकानदार १३ ची देतोय.

मूळ रेडिएटरला होती तितकीच. जुन्या गाड्यांत ४ किंवा ७ पीएसआयच्या कॅप सामान्य आहेत. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ४ च्या कॅपखाली ते सुमारे १०५ अंशांपर्यंत टिकतं, ७ च्या खाली ११० पर्यंत, १३ च्या खाली ११७ च्या आसपास. म्हणजे जास्त दाबाची कॅप गाडी गार करत नाही, फक्त उकळणं लांबवते. बदल्यात जुन्या टाकीचे सांधे, होज, वॉटर पंपाचं सील आणि असेल तर हीटरचा कोअर, सगळ्यांवर तो दाब येतो. नव्या कोअरसोबत ४ वरून ७ वर जाता येईल, पण होज आणि क्लॅम्पही नवे हवेत. १३ नको.

कॅपवर ०.९ किंवा १.१ लिहिलं असेल तर तो आकडा किलो प्रति चौरस सेंमीचा आहे: अनुक्रमे सुमारे १३ आणि १६ पीएसआय. ०.९ वाचून ‘एकपेक्षा कमी, म्हणजे हलकी’ असं समजून बसवणारे कमी नाहीत.

दुसरा घोळ खोलीचा. गळ्याच्या वरच्या कडेपासून आतल्या बैठकीपर्यंतचं अंतर काही गाड्यांत १९ मिमी, काही जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत २५ मिमी. खोल गळ्यावर आखूड कॅप व्यवस्थित फिरून बसते, पण तिचं रबर बैठकीला टेकतच नाही. दाब शून्य. प्रत्येक फेरीनंतर पाणी कमी होतं आणि मालक गळती शोधत राहतो. नवी कॅप घेताना जुनी सोबत न्या आणि दोन्हीची लांबी शेजारी धरून बघा.

८. मारुती ८०० चा किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीचा रेडिएटर जुळवून बसवता येईल का?

बसवता येतो, आणि रस्त्यावर असे जुगाड दिसतातही. पण मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी, फियाट पद्मिनीचं १०८९, ॲम्बॅसेडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९. लहान इंजिनासाठी बनलेला रेडिएटर मोठ्या इंजिनावर डिसेंबरात चालेल, एप्रिलमध्ये नाही.

मोठ्या गाडीचा घेत असाल तर एक नियम पाळा: रेडिएटरची वरची टाकी सिलिंडर हेडपेक्षा वर राहायला हवी. ती खाली गेली तर हवा हेडमध्ये साठते. तेव्हा पाण्याची वेगळी उंच टाकी बसवावी लागते, आणि तिथून काम वाढत जातं.

९. शहरात ठीक चालते, कसारा घाट चढताना काटा लाल होतो. का?

घाटात इंजिन पूर्ण ताकदीने चालतं, गाडी मात्र दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळू. उष्णता सगळ्यात जास्त आणि समोरून येणारी हवा सगळ्यात कमी. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना साधारण ३०० मीटरचा चढ आहे. नांदुरीहून वणीच्या गडावर जातानाही हाच अनुभव येतो. जोरात चालवताना तापते म्हणजे संशय कोअरवर: अर्धवट बुजलेला, किंवा मुळातच लहान.

पण एक झटपट तपासणी आधी करा. गाडी गरम असताना, उभी करून, कोणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला सांगा आणि खालचा होज बघा. तो आत चेपला जात असेल तर दोष होजचा. खालच्या होजमधून पंप पाणी ओढतो. म्हणून अनेक गाड्यांत त्याच्या आत तारेची स्प्रिंग असते. जुनी स्प्रिंग गंजून गेली, नवा होज बिनस्प्रिंगचा घातला, आणि रेडिएटरवर विनाकारण खर्च झाला, असं वारंवार होतं. बघताना पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी, उपरणं लांब ठेवा.

१०. याच्या उलट आहे: हायवेला गार, द्वारकेच्या सिग्नलला तापते.

मग रेडिएटर बहुधा निर्दोष आहे, हवा ओढली जात नाहीये. बेल्ट, पंख्याचं पातं आणि पंख्याभोवतीचं पत्र्याचं काउल बघा. काउल गॅरेजमध्ये ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेलं असतं. ते नसलं की पंखा बाजूचीच गरम हवा फिरवत बसतो. पत्र्याचं काउल अंबड किंवा सातपूरच्या कोणत्याही फॅब्रिकेशन शेडमध्ये बनतं. पातं काउलच्या कडेत साधारण अर्धं आत, अर्धं बाहेर राहील असं बनवून घ्या.

११. इलेक्ट्रिक पंखा बसवला तर?

चालेल, पण आधी बघा गाडीला डायनॅमो आहे की अल्टरनेटर. १२ इंची पंखा साधारण ८ ते १० अँपिअर ओढतो. जुना डायनॅमो पूर्ण फिरताना २२ अँपिअरच्या आसपास देतो आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही. सिग्नलला पंखा हवा, आणि नेमका तेव्हाच वीज नाही. रात्री हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी बसली. डायनॅमो असेल तर काउल आणि जास्त पात्यांचा पंखा हाच मार्ग.

अल्टरनेटर असेल तर रिले आणि फ्यूज लावून जोडा. पंखा कोअरमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नका. कंपनाने त्या पट्ट्या ट्यूब घासून फोडतात. बाजूच्या फ्रेमला कंस लावा.

१२. पाणी कुठलं, कूलंट कुठलं?

बोअरचं नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात, आणि वाफ झालेल्या प्रत्येक लिटरमागे ते ट्यूबमध्ये राहतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड पाणी वापरा.

पितळेच्या रेडिएटरला जुन्या प्रकारचं, सिलिकेट असलेलं साधं ग्लायकॉल कूलंट. ‘लाँग लाइफ’ किंवा ओएटी (सेंद्रिय आम्लांवर आधारलेली) प्रकारची काही कूलंट शिशाच्या डाखाला मानवत नाहीत. रंगावर विसंबू नका, हिरवं-लाल हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. डब्यावर आयएस ५७५९ हे मानक आणि कोणत्या धातूंना चालतं ते वाचा. तयार मिसळलेलं आहे की घट्ट, हेही बघा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, तेव्हा ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के पाणी पुरतं. नुसतं कूलंट ओतू नका, ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. दोन वर्षांनी बदला.

१३. ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर सहा महिन्यांत सुईच्या भोकांनी गळू लागला. माल खराब?

कदाचित, पण आधी वीज तपासा. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची पट्टी गंजली की वीज कूलंटमधून वाट काढते आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या अर्थ असलेल्या टर्मिनलला, दुसरं गळ्यातून कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. स्टार्टर मारताना आणि सगळे दिवे लावून वाचा. ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ सुधारा. इंजिन ते चॅसी अशी नवी जाड पट्टी लावली की बहुतेक वेळा आकडा खाली येतो. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, तिथे मीटर उणे दाखवेल. आकडा तोच धरायचा.

नवा रेडिएटर नेहमी रबरी पॅडवरच बसवा.

१४. थर्मोस्टॅट काढून टाक, असं मिस्त्री सांगतात. काय करू?

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि गाडी उलट जास्त तापते. थंडीत इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं, ते वेगळंच. संशय असेल तर भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा. ८२ अंशांचा असेल तर त्या सुमारास उघडायला लागून पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडायला हवा.

१५. बसवताना काय चुकतं?

घाई. नवा रेडिएटर बसवण्याआधी इंजिनाचा ब्लॉक धुतलाच पाहिजे. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडा. बऱ्याचदा काहीच येत नाही, कारण आत गाळ बसलेला असतो. तारेने टोकरा, मग थर्मोस्टॅट काढून वरून नळी लावा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. शेवटच्या सिलिंडरभोवती गाळ जास्त असतो. हे टाळलं तर पहिल्याच महिन्यात तो सगळा गाळ नव्या ट्यूबमध्ये.

काढलेलं पाणी खुणा केलेल्या बादलीत मोजा. भरताना तितकं गेलं नाही तर आत हवा आहे. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर असेल तर त्याचा नळ उघडा, हळूहळू भरा. कॅपशिवाय चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरून कॅप लावा. रिकव्हरी बाटली (फुगून बाहेर आलेलं पाणी साठवणारी) नसेल तर गळ्याखाली दोन-तीन सेंमी जागा सोडा. पाणी तापल्यावर सुमारे ४ टक्के फुगतं, जागा नसेल तर तेवढं बाहेर टाकतं, आणि त्यालाच लोक गळती समजतात. ५० किमीनंतर, गार झाल्यावर, क्लॅम्प पुन्हा आवळा.

१६. रंग कुठला द्यायचा?

काळा, पातळ, एकच हात. जाड एनॅमल किंवा पावडर कोटिंग कोअरवर नको, टाक्यांवर चालेल.

१७. गळती बंद करायला पावडर किंवा हळद टाकली तर?

हळद खरोखर बारीक भोक बुजवते. ट्यूबही बुजवते. सिन्नरहून घरी पोचण्यापुरता उपाय आहे, नव्या रेडिएटरात कधीच नको. आधी टाकली असेल तर ब्लॉक दोनदा धुवा.

१८. विंटेज नोंदणी करायची आहे. ॲल्युमिनियम रेडिएटरने अडचण येईल?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली खासगी गाडी विंटेज म्हणून नोंदता येते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अट अशी की चॅसी, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. बोल्टने बसणारा रेडिएटर यात येत नाही. पण तो मावावा म्हणून पुढचा पत्रा किंवा क्रॉस मेंबर कापलात, तर तो बॉडीतला फेरफार झाला. अशा गाडीला मूळ टाक्यांत नवा कोअर हेच उत्तर.

१९. जुना रेडिएटर भंगारात देऊ का?

पितळेच्या टाक्या, गळा आणि बाजूच्या पट्ट्या ठेवून घ्या, नुसता कोअर द्या. तांब्या-पितळेचा भाव वेगळा मिळतो, लोखंडाच्या पट्ट्यांसकट वजन करू देऊ नका.